समजून घ्या : आशाताईंच्या कामाची मुळं जामखेडमध्ये? कोण होत्या डॉ. मेबल आरोळे?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच वर्षी डॉ. मेबल आरोळे गेल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण सेनगाव, औंढा नागनाथच्या गावांत दारोदार फिरणाऱ्या आशाताईंच्या कामाचा माग काढला, की आपण जामखेडला पोहोचतो.

सुरुवात कुठे झाली?

मेबल यांचा जन्म १९३५ चा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या. १९६० मध्ये वर्गमित्र रजनीकांत आरोळे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. दोघांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात काम केलं. जुलाब, कुपोषणाने आलेलं मूल बरं होऊन घरी जायचं आणि पुन्हा तसंच परत यायचं. घरचं पाणी आणि ताट बदललेलंच नसायचं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला आले.

पहिलं मॉडेल फसलं

सुरुवातीला गावोगाव प्रशिक्षित नर्स पाठवल्या. त्यांना परक्या गावात एकटीने राहणं अवघड जायचं आणि गावातल्या बायकाही त्यांच्याशी मोकळेपणी बोलत नसत. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. यातल्या अनेक जणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. बाळंतपण, मुलांचं वजन, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी, कुष्ठरोगाची लक्षणं हे सगळं त्या शिकल्या. त्यांच्या पाठीशी फिरतं पथक असायचं आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर जामखेडचं रुग्णालय. म्हणजे दवाखाना बंद केला नव्हता, तो शेवटच्या पायरीवर नेला होता.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण.

मग आशा योजना म्हणजे जामखेडच का?

पूर्णपणे नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातलीच बाई नेमली, पण मोबदला ठरला सरकारने नेमून दिलेल्या कामांच्या हिशोबाने. जामखेडची सेविका आधी गावाला उत्तर द्यायची. फरक छोटा वाटतो, पण दिवसाचं काम कोण ठरवतं हे त्यावरच अवलंबून असतं. शिवाय आशासाठी सुरुवातीलाच साधारण आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट आली. मेबल यांच्या पहिल्या सेविकांपैकी कित्येक जणी त्यात बसल्या नसत्या.