केसरबाई केरकर : साडेतीन मिनिटं सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, बाकीचं गाणं कुठे?

मंडळी, आधी एक कबुली देतो. चौथीत असताना मी एक फाइल उडवली, जिचा बॅकअप नव्हता. फाइल म्हणजे तेव्हा कॅसेट.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत आजोबांची एक कॅसेट होती. वर बॉलपेनने फक्त ‘केसरबाई’ असं लिहिलेलं. कुणाच्या तरी स्पूल टेपची कॉपी, मग त्या कॉपीची कॉपी, असं होत होत गिरणीतल्या एका मित्राकडून ती आजोबांकडे आलेली. चुकून पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची टिकली तोडून टाकली होती. ती तोडली की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. त्या काळचं ‘रीड ओन्ली’ म्हणा ना! मी त्या भोकावर सेलोटेप लावली आणि अख्ख्या बाजूवर माझ्या आवाजात क्रिकेटची कॉमेंट्री भरली. आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी कॅसेट डब्यात ठेवली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही.

आपण काय पुसलं, ते मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. त्यामुळे या टेक साइटवर आज एका शास्त्रीय गायिकेची गोष्ट सांगतोय. यात स्टोरेज आहे, कॉम्प्रेशन आहे, कॉपीराइट आहे आणि एक अंतराळयानसुद्धा आहे.

केरी ते मुंबई

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. घर कलावंत समाजातलं, देवळांशी जोडलेलं. अशा घरातल्या मुलींनी गावं हे ठरलेलंच असायचं. लोक गाण्याला आवर्जून बोलवायचे, पण मान देताना हात आखडता घ्यायचे. हा फरक केसरबाईंनी लहानपणापासून पाहिला. पुढे त्या ज्या ताठ मानेने जगल्या, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

आठव्या वर्षी कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने तालीम मिळाली. मग परत गोवा, रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण. सोळाव्या वर्षाच्या आसपास आई आणि मामांबरोबर त्या मुंबईला आल्या. इथे सतारिये बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशा मोठ्या गुरूंकडे शिकणं झालं, पण प्रत्येक वेळी मध्येच काहीतरी तुटायचं. गुरू दुसऱ्या गावी जायचे, तालीम अर्धवट राहायची. आज एखादा कोर्स अर्धा सुटला तर आपण व्हिडिओवरून पुढे चालू ठेवतो. तेव्हा गुरू म्हणजेच सर्व्हर. तो गावाला गेला की सगळं ऑफलाइन.

तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिलीपासून

१९२१ साली केसरबाई उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या. खाँसाहेब जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी त्यांनी बरीच वर्षं काढली आणि १९२२ साली महाराज गेल्यावर ते मुंबईत आले. केसरबाई तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. बाहेर नाव व्हायला लागलं होतं. तरीही त्यांनी पाटी कोरी केली आणि सुरांपासून पुन्हा सुरुवात केली. पुढची दहा-अकरा वर्षं शिकणं हेच मुख्य काम. खाँसाहेब १९४६ साली मुंबईत वारले, तोपर्यंत हे नातं टिकलं.

हे घराणं शिकायला अवघड का, ते थोडक्यात सांगतो. यात जोडराग आणि अनवट राग भरपूर, म्हणजे दोन रागांची वळणं एकाच गाण्यात सांभाळायची. ताना सरळ रेषेत जात नाहीत, त्या वळसे घेत घेत बरोबर समेवर येतात. आणि हे सगळं खुल्या ‘आ’कारात, दमसास न सुटू देता. केसरबाईंचा आवाज भारदस्त होता, खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर आवाज वाढवला तरी कुठेही न फाटणारा सिग्नल.

मग यश आलं आणि भरभरून आलं. गिरगाव-दादरचे दर्दी रसिक, देशभरातल्या संगीत परिषदा, संस्थानिकांचे दरबार, सगळीकडे त्यांना मागणी. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांचं गाणं वाखाणलं. कोलकात्याच्या रसिकांनी १९४८ साली त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण आणि महाराष्ट्र सरकारकडून राज्यगायिका हा सन्मान. ज्या समाजाने कलावंतीण म्हणून हात आखडता घेतला होता, त्याच समाजात त्यांनी आपल्या अटींवर गाऊन दाखवलं.

तीन मिनिटांची अट

आता मुद्द्याचं बोलू. केसरबाईंच्या ऐन उमेदीच्या काळात संगीत साठवायचं साधन म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण ३ मिनिटं मावायची, बारा इंचीवर ४ ते ५. आणि जयपूर घराण्याचा एक ख्याल मैफलीत अर्धा-पाऊण तास सहज चालतो. म्हणजे दोन तासांच्या सिनेमाची रील करा, असं सांगण्यासारखं झालं.

केसरबाईंनी ते केलं. त्यांच्या नट कामोद, ललित अशा रागांच्या जुन्या रेकॉर्ड्स ऐका. स्थायी, अंतरा, आलाप, ताना सगळं आहे, पण घाई कुठेही नाही. हे कॉम्प्रेशन मशीनने केलेलं नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते गाणारीने स्वतः ठरवलेलं.

पण अशा रेकॉर्ड्स मोजक्याच. केसरबाई आपल्या गाण्याबद्दल फार सावध होत्या. मैफलीत कुणी चोरून टेप करू नये, कुणी आपली चीज उचलू नये याकडे त्यांचं लक्ष असायचं, असं जुने लोक सांगतात. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. आवाज उतरल्यावर लोकांनी हळहळत ऐकावं, हे त्यांना चालणारं नव्हतं. शिष्यांच्या बाबतीतही तसंच. आपली विद्या त्यांनी मनापासून दिली ती धोंडूताई कुलकर्णींना.

आधी मला याचा राग यायचा. एवढा मोठा डेटा आणि कॉपी करायला बंदी? आता तेवढा येत नाही. २०२४ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना त्यांच्या आवाजाच्या एआय नकलांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. आपला आवाज कुणाच्या हातात जावा, हा प्रश्न आज आपल्याला नवा वाटतो. केसरबाईंना तो टेपरेकॉर्डर बघूनच पडला होता. मात्र या सावधपणाची किंमत आपणच मोजतोय, हेही खरं. तासन्‌तास गायलेल्या मैफलींपैकी फारच थोडं आपल्या हाती उरलंय.

टेबलाखालचं खोकं

१९७७ साली अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर ही दोन यानं पाठवायची तयारी केली. कधीतरी ती कुणा परग्रहवासीयांना सापडलीच, तर पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून दोन्ही यानांवर एकेक तबकडी बसवायची ठरली. निवड समितीचे प्रमुख होते कार्ल सेगन. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी भारतासाठी एकच नाव सुचवलं : केसरबाईंची भैरवी, ‘जात कहां हो’.

अडचण अशी, की ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. सेगन यांच्या सहकारी ॲन ड्रुयान यांनी न्यूयॉर्कमधली दुकानं पालथी घातली. शेवटी लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. चोर बाजारात फिरलेल्या कुणालाही ते खोकं डोळ्यांसमोर दिसेल. दुकानदाराने ते आदल्या आठवड्यात भंगारात दिलं असतं तर?

ही सोनेरी तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, व्यास १२ इंच. वेग मुद्दाम कमी ठेवलाय, मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. वेग कमी म्हणजे त्याच जागेत जास्त वेळ मावतो. त्यामुळे सुमारे ९० मिनिटांचं संगीत बसलं. एकूण २७ तुकडे, त्यात बाख आहे, बेथोव्हन आहे, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे आणि भारतातून फक्त केसरबाई, साधारण साडेतीन मिनिटं. सोबत ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यात आपली मराठीही आहे. ऐकायचं कसं, याची चित्रं झाकणावर कोरलेली आणि सुईसुद्धा सोबत दिलेली. प्लेअरसकट पाठवलेली फाइल!

व्हॉयेजर २ निघालं २० ऑगस्टला, व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, वयाच्या ८५ व्या वर्षी केसरबाई गेल्या.

२०१२ साली व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, २०१८ साली व्हॉयेजर २. पहिलं यान आज २,४०० कोटी किलोमीटरपेक्षा दूर आहे. त्याच्याकडून डेटा येतो सेकंदाला साधारण १६० बिट्स. एक हिशेब करून बघितला : साडेतीन मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण ३.४ एमबी होतं. आपल्या फोनवर ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत उतरतं. व्हॉयेजरच्या वेगाने उतरवायला ४७ तास लागतील.

मग वाट कशाची बघायची?

नव्या अल्बमची यादी सगळेच देतात. मी जुन्या, पण अजून यायच्या असलेल्या रेकॉर्डिंगची वाट बघतोय.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६६ साली बाजारात आलेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२७ ला मोकळी होते, १९६७ ची २०२८ ला. केसरबाईंच्या ७८ च्या तबकड्या या हिशेबाने कधीच मोकळ्या झाल्यात. आता दरवर्षी एक जानेवारीला एलपीच्या सुवर्णकाळाचा एकेक हप्ता येत राहील. (कवी आणि संगीतकाराचे हक्क वेगळे मोजले जातात, ते आधी तपासा.)

पण कायद्याने मोकळी झालेली तबकडी आपोआप ऐकू येत नाही. कुणीतरी ती डिजिटाइझ करावी लागते. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या मंडळींनी हे काम हौसेने केलंय. शिवाय खरा खजिना घराघरांत असू शकतो : खासगी मैफलींचे स्पूल, कॅसेट. ते दरवर्षी खराब होतायत आणि त्यांना एक जानेवारीची तारीख नाही.

तुमच्या घरी असं काही असेल तर एवढं करा :

१. कॅसेटची टिकली शाबूत असेल तर आधी ती तोडा. आणि कृपया सेलोटेप लावू नका.

२. टेपला बुरशी असेल किंवा ती चिकटत असेल तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा.

३. फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका. प्लेअरची वायर ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला जोडा आणि २४ बिटची वेव्ह किंवा फ्लॅक फाइल बनवा.

४. खरखर काढायची घाई नको. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, साफसफाई तिच्या कॉपीवर करा. नॉइज काढणारं ॲप तानपुऱ्यालाच नॉइज समजू शकतं.

५. ७८ ची तबकडी असेल तर तिच्या खाचेला जुळणारी जाड सुई आणि बरोबर वेग हवा. ७८ ऐवजी ८० ने फिरली तरी ‘सा’ वर सरकतो.

६. फाइल व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका. तिथलं कॉम्प्रेशन बोलण्यासाठी आहे, गाण्यासाठी नाही. तीन कॉपी करा, त्यातली एक घराबाहेर ठेवा.

मागच्या दिवाळीत मी आजोबांची ती कॅसेट डब्यातून काढली आणि हीच पद्धत वापरून डिजिटाइझ केली. पहिल्या बाजूला माझी कॉमेंट्री, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. दुसरी बाजू चालू केली. बराच वेळ फक्त खरखर. मग तंबोरा लागला, आणि चार मिनिटं अकरा सेकंद एका बाईंचा खुला, जाड आकार. आवाज केसरबाईंचाच आहे का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून ती फाइल इथे टाकत नाहीये. ती ऐकवायला मी एका जुन्या संग्राहकांकडे दादरला जाणार आहे. आजोबा असते तर त्यांनी पहिल्या सुरालाच सांगितलं असतं.