चर्चिलचे लपवलेले झटके

विन्स्टन चर्चिल या गृहस्थांबद्दल भारतीय माणसाला प्रेम वाटावं असं फारसं काही नाही. आपल्या स्वातंत्र्याला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात त्यांच्या सरकारनं दाखवलेली बेपर्वाई विसरता येण्यासारखी नाही. तरीही मी त्यांची चरित्रं पुन्हा पुन्हा वाचतो, आणि त्याचं कारण राजकारण नाही. मी आयुष्यभर फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवला. चर्चिल यांची शेवटची साडेपंधरा वर्षं वाचताना मला एखाद्या जुन्या पेशंटचा केसपेपर चाळतो आहोत असं वाटत राहतं.

त्या केसपेपरवरची एक जुनी नोंद तर आपल्या मुंबईतली आहे. १८९६ साली बावीस वर्षांचाही नसलेला हा लष्करी अधिकारी ससून डॉकला उतरत होता. धक्क्यावरची लोखंडी कडी त्यानं हातात धरली आणि त्याच क्षणी लाटेनं होडी खाली गेली. उजवा खांदा निखळला तो कायमचाच कमजोर झाला. पुढं पुण्याचा मुक्काम आटोपून हे महाशय बंगळूरला गेले आणि दंड बांधून घेऊन पोलो खेळत राहिले! दुखणं अंगावर काढायचं आणि मिरवायचंही, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

मधली चाळीस-पन्नास वर्षं वाचकांना ठाऊक आहेत. १९४० साली पंतप्रधानपद, हिटलरशी झुंज, १९४५ साली युद्ध जिंकूनही निवडणुकीत पराभव. त्यातली एकच गोष्ट इथं सांगतो. डिसेंबर १९४१मध्ये व्हाइट हाऊसमध्ये मुक्कामाला असताना खोलीची घट्ट बसलेली खिडकी उघडताना त्यांच्या छातीत कळ आली. त्यांचे डॉक्टर चार्ल्स विल्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड मोरन, यांनी मनातल्या मनात हृदयविकाराचं निदान केलं आणि ते कोणालाही सांगितलं नाही. खुद्द पेशंटलाही नाही. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती आणि अशा वेळी ब्रिटनचा पंतप्रधान अंथरुणाला खिळला असं जगाला कळून चालणार नव्हतं. त्या घडीला ते कदाचित बरोबरही असेल. पण लपवण्याची सवय लागली ती लागलीच.

ऑगस्ट १९४९. चर्चिल चौऱ्याहत्तर वर्षांचे, विरोधी पक्षनेते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, माँटे कार्लोजवळ, वृत्तपत्रसम्राट लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या बंगल्यात ते सुट्टीवर होते. रात्री दोनच्या सुमाराला पत्ते खेळून उठताना उजव्या हातापायाला गोळा आल्यासारखं, जड जड वाटलं. झोपून उठले तरी ते गेलं नाही. सही करायला बसले तर हात नीट वळेना. मोरन विमानानं आले. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली असल्याचं त्यांनी सांगितलं. वृत्तपत्रांना मात्र कळवण्यात आलं की समुद्रस्नानामुळं साहेबांना थंडी बाधली आहे. थोड्याच दिवसांत हातपाय चालू लागले, सिगार पेटली, ब्रँडी आली आणि गोष्ट संपली असं सगळ्यांनी धरलं.

ती संपली नव्हती. १९५१च्या ऑक्टोबरात ते पुन्हा पंतप्रधान झाले. १९५२च्या फेब्रुवारीत टेलिफोनवर बोलताना त्यांना एकाएकी शब्दच सापडेनात. काय म्हणायचंय ते कळतंय, पण तोंडाशी भलतेच शब्द येताहेत. काही मिनिटांत सारं पूर्ववत झालं. आज आम्ही याला मिनी स्ट्रोक म्हणतो. रक्त क्षणभर अडतं, वाट मोकळी होते, मागं काही उरत नाही. काही उरत नाही म्हणूनच घरोघरी त्याची वासलात ‘चक्कर आली होती’, ‘पित्त झालं असेल’ अशा शब्दांत लागते. माझ्या दवाखान्यात असे कितीतरी आजोबा आले. आले म्हणजे सून किंवा मुलगी बळजबरीनं घेऊन आली, तीही चार दिवसांनी.

मोरन यांना या क्षणाचा अर्थ कळला होता आणि ते धास्तावले. कामाचा भार कमी करावा म्हणून हालचाली झाल्या, पण पेशंटपुढं कोणाचंच चाललं नाही.

मग २३ जून १९५३. दहा डाउनिंग स्ट्रीटवर इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांच्यासाठी मेजवानी होती. चर्चिल यांनी छान भाषण केलं. जेवणं उरकून पाहुणे दिवाणखान्याकडं निघाले तेव्हा यजमानांना खुर्चीतून उठताच येईना. जीभ जड झाली होती. काही पाहुण्यांना वाटलं, मद्य जरा जास्त झालं असेल. जावई ख्रिस्तोफर सोम्स यांनी थकव्याची सबब सांगून मंडळींना लवकर मार्गी लावलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या माणसानं मंत्रिमंडळाची बैठक चालवली! ते जरा गप्प होते एवढंच बहुतेकांच्या लक्षात आलं.

आजचा डॉक्टर हे वाचून कपाळाला हात लावील. आज अशा पेशंटला त्याच रात्री स्कॅनखाली घातला असता आणि साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का ते पाहिलं असतं. १९५३ साली स्कॅनच नव्हता. मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्येच निघाला, पण १९७१ साली. विश्रांती आणि शुश्रूषा याखेरीज डॉक्टरांच्या हाती फार काही नव्हतं. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून बोलावले होते ते सर रसेल ब्रेन. नावही ब्रेनच, हा नियतीचा विनोद.

२५ तारखेला चर्चिल यांना चार्टवेलच्या घरी हलवलं. तिथं डावा हात आणि डावा पाय लुळे पडत गेले. हा शनिवार-रविवार निघतो की नाही, अशी मोरन यांना भीती होती. वारस मानले गेलेले अँथनी ईडन त्याच सुमाराला बोस्टनमध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. म्हणजे पंतप्रधान अंथरुणाला खिळलेले आणि परराष्ट्रमंत्री परदेशी रुग्णालयात. मेंदूच्या रक्ताभिसरणाचा उल्लेख डॉक्टरांच्या मसुद्यातून वगळला गेला आणि पूर्ण विश्रांतीची गरज आहे एवढंच जनतेला सांगितलं. बड्या वृत्तपत्रांच्या मालकांना विश्वासात घेतलं आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. एका लोकशाही देशाचा कारभार कित्येक आठवडे कोण हाकत होतं हे त्या देशाला ठाऊक नव्हतं. मला हे शौर्यकथेसारखं वाचवत नाही.

पण पेशंट म्हणून त्यांना दाद द्यावीच लागते. ते उठले, चालायला शिकले, १८ ऑगस्टला मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसले. १० ऑक्टोबरला मार्गेटला हुजूर पक्षाच्या अधिवेशनात सुमारे पन्नास मिनिटं उभं राहून भाषण केलं. त्याआधी मोरन यांनी तरतरीची गोळी दिली होती, हे खरं. साहित्याचं नोबेलही त्याच वर्षीचं. ते घ्यायला पत्नी क्लेमेंटाइन गेल्या. आपल्याला लकवा मारला होता हे त्यांनी संसदेत स्वतःच सांगून टाकलं ते मार्च १९५५मध्ये. पुढच्याच महिन्यात पद सोडलं.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९४९ साली त्रास उजव्या बाजूला झाला, १९५३ साली डाव्या. म्हणजे बिघाड एका फांदीत नव्हता, सगळ्या झाडातच होता. पहिला झटका बरा होतो. तो ज्यामुळं आला तो रक्तदाब, ती कडक झालेली रक्तवाहिनी, ती तंबाखू जागच्या जागी असते. पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण वर्ष उलटलं की पेशंटही निर्धास्त होतो आणि डॉक्टरही. २०२५ साली अडतीस अभ्यासांतल्या एक लाख एकाहत्तर हजार पेशंटांची माहिती एकत्र करून मांडण्यात आली. मिनी स्ट्रोक किंवा सौम्य झटक्यानंतर पहिल्या वर्षात शंभरांतल्या सुमारे सहा जणांना पुन्हा झटका येतो, पाच वर्षांत तेरा जणांना, दहा वर्षांत जवळजवळ वीस जणांना. मला पहिल्या आकड्यापेक्षा शेवटचा जास्त बोलका वाटतो. निम्म्याहून अधिक झटके पहिल्या वाढदिवसानंतरचे आहेत, आणि आमच्याकडं रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांत बंद होतात, कारण आता बाबांना बरं वाटतंय. उलट काही घरांत स्कॅन न करताच झटक्याच्या क्षणी अ‍ॅस्पिरिन तोंडात घालतात. झटका रक्तस्रावाचा असेल तर तीच गोळी घातक ठरते. तोंड वाकडं झालं, हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, तर पाच मिनिटांत ओसरलं तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

निवृत्त चर्चिल यांच्या नोंदी थांबल्या नाहीत. १९५६च्या ऑक्टोबरात पुन्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर झटका, १९५९ साली आणखी एक छोटा. १९६२ साली माँटे कार्लोच्या हॉटेलात पडून मांडीचं हाड मोडलं. दर खेपेला थोडा माणूस कमी होत गेला. ज्या वाणीनं देश जागा ठेवला ती जेवणाच्या टेबलाशी तासन्‌तास गप्प बसू लागली. १९६४पर्यंत ते खासदार होते, पण संसदेत ऐकू येत नव्हतं आणि भाषण होत नव्हतं.

मोरन यांनी ही सारी टिपणं १९६६ साली, पेशंटच्या मृत्यूला पुरती दोन वर्षंही झाली नसताना, पुस्तकरूपानं छापली. कुटुंबीय संतापले, वैद्यकीय जगातही टीका झाली. माझ्या मते टीका रास्त होती. पेशंटचं गुपित त्याच्याबरोबर संपत नाही. आता त्या टिपणांवाचून मी हा लेख लिहू शकलो नसतो, ही गोष्ट वेगळी.

जानेवारी १९६५मध्ये नव्वद वर्षांच्या चर्चिल यांना शेवटचा मोठा झटका आला. या वेळी मात्र काही लपवलं गेलं नाही. १५ तारखेच्या निवेदनात सर्दीनंतर मेंदूत गुठळी झाल्याचं सरळ सांगितलं होतं. लंडनच्या हाइड पार्क गेटवरच्या घरासमोर लोक थंडीत उभे राहत होते. नऊ दिवसांनी, २४ जानेवारीच्या सकाळी, चर्चिल गेले. सत्तर वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांचे वडील गेले होते.