विश्लेषण : तलवारीपेक्षा सेन्सॉरच्या शिक्क्याची भीती, सामुराईंच्या लढाया रंगवणारे कुनियोशी कोण होते?

राजवाड्याचा बांबूचा पडदा फाडून आत डोकावणारा महाकाय सांगाडा आणि त्याच्या समोर तलवार सरसावलेला सामुराई. हे चित्र तुम्ही मोबाइलच्या वॉलपेपरवर, टी-शर्टवर किंवा टॅटूच्या दुकानातल्या अल्बममध्ये नक्की पाहिले असेल. ते संगणकावर तयार झालेले नाही. साधारण १८४४ मध्ये जपानच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठशांवरून ते छापले गेले. चित्रकाराचे नाव उतागावा कुनियोशी.

रणांगणावरचे योद्धे रंगवण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. गंमत अशी, की ज्या लढाया लोकांना सर्वात जवळच्या होत्या, त्याच छापायला सरकारची मनाई होती. ही मनाई काय होती आणि कुनियोशींनी तिच्यातून वाट कशी काढली, याची ही गोष्ट.

कुनियोशी कोण होते?

कुनियोशींचा जन्म १ जानेवारी १७९८ रोजी एदोमधल्या निहोनबाशी या व्यापारी भागात झाला. वडील रेशीम रंगवण्याचा व्यवसाय करत. त्यामुळे कापडावरची नक्षी आणि रंग यांची ओळख घरातच झाली. त्यांच्या चित्रांतल्या चिलखतांवरची आणि वस्त्रांवरची बारीक नक्षी पाहिली, की हे बालपण आठवते.

१८११ मध्ये ते उतागावा तोयोकुनी या नामांकित चित्रकाराचे शिष्य झाले आणि १८१४ मध्ये स्वतंत्रपणे काम करू लागले. सुरुवातीला एखाद-दुसरे चित्र गाजले, पण पुढे कामे मिळेनात. त्याच गुरूंचे ज्येष्ठ शिष्य कुनिसादा नाट्य-अभिनेत्यांच्या चित्रांवर नाव आणि पैसा कमावत होते, तर कुनियोशींवर पोटासाठी तातामी चटया विकण्याची वेळ आली होती, असे सांगितले जाते.

ठशांचे चित्र कसे तयार व्हायचे?

ही चित्रे एका माणसाच्या हातची नसत. प्रकाशक विषय ठरवून पैसे गुंतवायचा आणि चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करायचा. ठसे कोरणारा कारागीर ते रेखाटन रानचेरीच्या लाकडी फळीवर उलटे चिकटवायचा आणि रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढायचा. या प्रक्रियेत मूळ रेखाटन नष्ट व्हायचे. म्हणजे आज आपण ज्याला ‘मूळ चित्र’ म्हणतो, ते प्रत्यक्षात छापील प्रतच असते.

त्यानंतर साधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. कागद दरवेळी अचूक त्याच जागी बसावा म्हणून प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला खाच असे. छपाई करणारा कारागीर तुतीच्या सालीपासून बनवलेला कागद ठशावर ठेवून बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल चकतीने तो पाठीमागून घासायचा. दहा रंग असतील तर त्याच कागदावर हे काम दहा वेळा.

प्रचलित कागद साधारण ३९ बाय २६ सेंटीमीटरचा होता. मोठे रणांगण दाखवायचे तर तीन कागद शेजारी-शेजारी जोडले जात. हजारोंनी छापल्या जाणाऱ्या या प्रती सामान्य माणसाच्या खिशाला परवडत. त्यांचा गिऱ्हाईक दुकानदार, सुतार, नोकर असा शहरी माणूस होता.

मनाई नेमकी कशावर होती?

१६१५ च्या ओसाका वेढ्यानंतर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता पक्की झाली. १६३७-३८ चे शिमाबाराचे बंड वगळता पुढची दोन शतके देशात मोठे युद्ध झाले नाही. सामुराई कमरेला दोन तलवारी लावत असले, तरी त्यांच्यापैकी अनेकांचे रोजचे काम कचेरीतले होते. कुनियोशींनी किंवा त्यांच्या गिऱ्हाइकांनी खरी लढाई पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे ही चित्रे म्हणजे युद्धाचा वृत्तांत नव्हता. ग्रंथ, नाटके आणि कथाकथनातून लोकांच्या मनात असलेल्या लढाया त्यांत उतरत होत्या.

मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे साधारण १५७३ नंतरच्या योद्ध्यांची नावे आणि कुलचिन्हे चित्रांत दाखवू नयेत, असा दंडक होता. याच काळातल्या लढायांतून तोकुगावा सत्तेवर आले होते. त्या लढायांची उजळणी म्हणजे सत्ता कोणाकडून आणि कशी घेतली, याची उजळणी. प्रत्येक चित्रावर तपासनिसाचा शिक्का लागे. शिक्का नसेल तर चित्र बेकायदा.

हा दंडक कागदावरचा नव्हता. १८०४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाशी संबंधित चित्रांवरून उतामारो या विख्यात चित्रकाराच्या हातात ५० दिवस बेड्या ठोकण्यात आल्या. त्याच प्रकरणात शिक्षा झालेल्यांमध्ये कुनियोशींचे भावी गुरू तोयोकुनीही होते. धोका काय असतो, हे कुनियोशींना गुरूच्या घरातच कळले असणार.

चिनी बंडखोरांनी नशीब कसे पालटले?

१८२७ च्या सुमारास कुनियोशींनी एका चिनी कादंबरीतल्या १०८ बंडखोर वीरांवर चित्रमालिका सुरू केली. जपानमध्ये ‘सुइकोदेन’ म्हणून ओळखली जाणारी ही कादंबरी तेव्हा कमालीची लोकप्रिय होती. भ्रष्ट अधिकाऱ्यांना कंटाळून दलदलीच्या प्रदेशात एकत्र आलेल्या बंडखोरांची ही कथा. वीर परदेशी आणि काळ जुना, त्यामुळे नियम मोडत नव्हता. पण अन्यायी अधिकाऱ्यांशी लढणारे वीर एदोच्या माणसाला परके वाटले नाहीत.

पूर्वी असे विषय बहुधा पुस्तकांतल्या छोट्या चित्रांत दिसत. कुनियोशींनी एका कागदावर एकच वीर ठेवला, तोही कडेपर्यंत कागद भरून. ताणलेले स्नायू, वटारलेले डोळे, वाऱ्याने उडणारी वस्त्रे. मालिकेतली सत्तरहून अधिक चित्रे बाजारात आली आणि तिशीच्या उंबरठ्यावर असलेले कुनियोशी ‘योद्ध्यांचे कुनियोशी’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मूळ कादंबरीत मोजक्याच वीरांच्या अंगावर गोंदण आहे. कुनियोशींनी अनेकांच्या पाठी-दंडांवर ड्रॅगन, फुले आणि वाघ रंगवले. एदोमधल्या अग्निशामकांनी आणि मजुरांनी ही नक्षी आपल्या अंगावर उतरवून घेतली. आज जगभर ‘जपानी टॅटू’ म्हणून जी शैली ओळखली जाते, तिची एक मोठी मुळी या मालिकेत आहे.

१८४३ मध्ये काय घडले?

१८४१ पासून शोगुनांचे प्रमुख मंत्री मिझुनो तादाकुनी यांनी काटकसरीच्या नावाखाली कठोर सुधारणा राबवल्या. अभिनेते आणि गणिका यांची चित्रे छापण्यास बंदी आली. चित्रांतले रंग आणि किंमत यांवरही मर्यादा आल्या. छापखान्यांचा निम्म्याहून मोठा आधार असलेले विषयच गेले. कुनियोशींकडे योद्धे उरले होते.

१८४३ मध्ये त्यांचे तीन कागदांचे एक चित्र आले. दहाव्या-अकराव्या शतकातला वीर योरिमित्सु आजारी पडून झोपला आहे. त्याचे शूर सरदार शेजारी बसले आहेत. मागे एक प्रचंड कोळी जाळे पसरतो आहे आणि अंधारात विचित्र भुतांची झुंबड उडाली आहे. कथा जुनी, सगळ्यांना माहीत असलेली. आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही.

पण एका सरदाराच्या वस्त्रावरचे चिन्ह मिझुनो यांच्या कुलचिन्हाशी जुळते, हे लोकांनी हेरले. मग झोपलेला वीर म्हणजे शोगुन आणि भुते म्हणजे सुधारणांमुळे पोटावर पाय आलेले वेगवेगळ्या धंद्यांतले लोक, असा अर्थ शहरभर पसरला. कोणते भूत म्हणजे कोणता धंदा, हे ओळखण्याचा जणू खेळच सुरू झाला. चित्र धडाक्यात खपले. भेदरलेल्या प्रकाशकाने प्रती परत घेतल्या आणि ठसे नष्ट केले. कुनियोशी वाचले, पण याची नक्कल करून चित्रे विकणाऱ्यांना शिक्षा झाली. त्याच वर्षी मिझुनो यांचे पद गेले.

कुनियोशींच्या मनात खरेच टीका होती का? त्यांनी तसे कुठे कबूल केले नाही आणि तेच त्यांचे संरक्षण होते. चित्रात जुनी दंतकथा होती. बाकीचा अर्थ पाहणाऱ्यांनी लावला होता, आणि लाखभर पाहणाऱ्यांना बेड्या घालता येत नाहीत.

नावे बदलली, वीर तेच राहिले

पुढची वर्षे ही युक्ती त्यांनी वारंवार वापरली. मालकाच्या मृत्यूचा १७०३ मध्ये सूड घेणाऱ्या ४७ रोनिनांवरच्या मालिकेत नेता ओइशीचे आडनाव नाटकातल्याप्रमाणे ओबोशी झाले. हिदेयोशीच्या काळातल्या सरदारांवरही मालिका आली, तीही थोडी फिरवलेली नावे घेऊन. वाचकांना खरी नावे ओळखायला वेळ लागत नव्हता. अभिनेत्यांवर बंदी असताना गोदामाच्या भिंतीवर कोणी खिळ्याने ओरखडे काढावेत तशी वेडीवाकडी चित्रे त्यांनी छापली. ते चेहरे अर्थातच अभिनेत्यांचे होते.

सुरुवातीला उल्लेख केलेला सांगाडाही याच काळातला. सान्तो क्योदेन या लेखकाच्या १८०६ च्या कथेत पुष्कळ सांगाडे लढतात. कुनियोशींनी त्यांचा एकच अवाढव्य सांगाडा केला आणि तो दोन कागदांवर पसरवला. त्याच्या बरगड्या आणि मणके इतके अचूक आहेत, की पाश्चात्त्य शरीरशास्त्राची चित्रे त्यांनी पाहिली असावीत, असे अभ्यासक मानतात. युरोपीय छापील चित्रे ते जमवत असत.

१८५० च्या दशकातले शिजोनावातेच्या लढाईचे चित्र मात्र वेगळ्या कारणाने लक्षात राहते. १३४८ च्या या लढाईत कुसुनोकी मासात्सुरा आणि त्याचे साथीदार मारले गेले. समोरून येणाऱ्या बाणांच्या सरळ रेषांनी कागद भरून गेला आहे आणि रक्तबंबाळ योद्धे त्या माऱ्यात पुढे सरकत आहेत. शत्रूचा चेहरा नाही, विजयाची खूण नाही. हरणार हे ठाऊक असलेल्या माणसांचे हे चित्र आहे.

अखेर आणि वारसा

कुनियोशींच्या घरात मांजरांचा सुळसुळाट होता आणि मांजरांची चित्रे हा त्यांचा दुसरा आवडता विषय. १८५० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि हात पूर्वीसारखा चालेना. १४ एप्रिल १८६१ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सात वर्षांनी, १८६८ मध्ये, शोगुनांची सत्ता कोसळली. एदोमधल्या उएनो टेकडीवर खरी लढाई झाली. कुनियोशींकडे ११ व्या वर्षी दाखल झालेले शिष्य त्सुकिओका योशितोशी तेव्हा तिशीच्या आत होते. त्या लढाईवर त्यांनी चित्रमालिका काढली, पण नव्या सरकारच्या काळातही ताज्या घटना उघडपणे छापणे सुरक्षित नव्हते. म्हणून समोर मेलेल्या माणसांना त्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या वीरांची नावे दिली. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली, हे वेगळे सांगायला नको.