पेशी जगवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे



दहावीचा निकाल लागला की पेडणे-डिचोलीकडचे पालक आमच्या कार्यालयात येतात. मुलगी हुशार असली की प्रश्न ठरलेला असतो, ती डॉक्टर कशी होईल? मागे एक पालक मात्र वेगळाच प्रश्न घेऊन आले. त्यांच्या वडिलांना कंपवात आहे. स्टेम सेलपासून, म्हणजे मूळपेशींपासून, तयार केलेल्या चेतापेशींनी हा आजार हमखास बरा होतो, अशी जाहिरात त्यांच्या हाती पडली होती. बागायत विकून पैसे भरावेत का, असे ते विचारत होते. या दोन्ही प्रश्नांचा विचार करताना आम्हांला एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र आठवले. तेच आज सांगत आहोत.

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले आणि त्यात उत्तम यश मिळवले. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी 1943 मध्ये एम.एस्सी. केले. त्यांचा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास. आपल्या परसात वाढणाऱ्या या झाडांपासूनही विज्ञानाची वाट सुरू होते, हे मुलांनी लक्षात घ्यावे.

1939 मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात काम करता करता त्यांनी पीएच.डी.चा अभ्यास केला आणि 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. त्यांचे मार्गदर्शक होते थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर. पेडण्याच्या पलीकडे वेंगुर्ले तालुक्यात खानोली गाव आहे, त्यामुळे हे आडनाव आपल्याला परके नाही. डॉ. खानोलकरांच्या प्रोत्साहनाने कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर सतत वाढत ठेवण्यात 1951 मध्ये प्रथम यश आले, ते याच प्रयोगशाळेत.

येथे थोडे थांबून हे काम समजून घेऊ. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे आम्ही 'कोशिका' शिकलो. हिंदीत 'पेशी' म्हणजे कोर्टातली तारीख! मराठीतली पेशी समजायला आम्हांला थोडा वेळ लागला. शरीरातून काढलेली पेशी एरवी लवकरच मरते. तिला जगवायचे तर क्षार, साखर, अमिनो आम्ले यांचे नेमके मिश्रण लागते, सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि एकही जंतू आत जाता कामा नये. यालाच ऊतिसंवर्धन म्हणतात.

भारतात परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती आपल्या देशातील पहिली अशी प्रयोगशाळा मानली जाते. पेशींचे खाद्य व त्यासाठी लागणारी रसायने त्यांनी सहकाऱ्यांसह येथेच तयार केली. स्तनाचा कर्करोग, संप्रेरके, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी उंदरांवर वर्षानुवर्षे तपासला. कुष्ठरोगाशी संबंधित जंतूंवरील त्यांच्या संशोधनाचा पुढे लस तयार करण्याच्या कामी उपयोग झाला. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंच्या आवरणातील पेशींत शिरतात, म्हणूनच त्वचेची संवेदना जाते. 1966 ते 1970 या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले. 11 एप्रिल 2001 रोजी त्यांचे निधन झाले.

कमलताईंनी स्वतः मूळपेशींपासून चेतापेशी वाढवल्या नाहीत. मानवी भ्रूणातील मूळपेशी प्रयोगशाळेत प्रथम वाढल्या त्या 1998 मध्ये, अमेरिकेत. 2007 मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी पुन्हा मूळपेशींसारख्या करून दाखवल्या. अशा पेशींना ठराविक दिवशी ठराविक रसायने दिली की काही आठवड्यांत त्यांच्यापासून हव्या त्या प्रकारच्या चेतापेशी तयार होतात. मणक्यातील चेतापेशींसाठी वेगळी रसायने, कंपवातात नष्ट होणाऱ्या मेंदूतील चेतापेशींसाठी वेगळी. पण या सगळ्याचा पाया एकच, ताटलीत पेशी जिवंत ठेवण्याची कला. भारतात तो पाया कमलताईंनी घातला.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. जपानमध्ये क्योटो येथील डॉक्टरांनी कंपवाताच्या 7 रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी घातल्या, दोन वर्षे त्यांची तपासणी केली आणि 2025 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि काहींच्या हालचालींत सुधारणा दिसली. हे आशादायक आहे, पण सात रुग्णांवरून हमखास हा शब्द वापरता येत नाही. आपल्या देशातही 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मान्य उपचार सोडता मूळपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेणे योग्य नाही. आम्ही त्या पालकांना आधी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांना भेटण्यास सांगितले. ते भेटून आले. वडिलांची औषधे नियमित सुरू आहेत आणि बागायत जागेवर आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तरही याच चरित्रात आहे. पालकहो, मुलगी डॉक्टर झाली तर आनंदच आहे. पण तिला सूक्ष्मदर्शकाखाली झाडाचे पान पाहण्यात गोडी वाटत असेल तर तिला अडवू नका. रोग्याला औषध डॉक्टर देतो, पण ते औषध शोधणारा कोणीतरी आधी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसलेला असतो. आणि मुलांनो, कोणी हमखास म्हटले की पुरावा काय, हे विचारायला शिका. कमलताईंचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांला दिसत नाही.

— मुख्याध्यापक