कायद्याची पदवी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, २३ जुलै १८५६ रोजी, रत्नागिरी येथे गंगाधरपंत टिळक यांच्या घरी एक पुत्र जन्मास आला. पुढे सारा देश ज्यांना लोकमान्य म्हणून ओळखू लागला, तेच हे बाळ गंगाधर टिळक. त्यांनी मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी संपादन केली. परंतु त्या पदवीच्या बळावर ना सरकारी नोकरी धरली, ना वकिलीचा व्यवसाय पत्करला. मग एवढे परिश्रम करून ही पदवी त्यांनी घेतली तरी कशासाठी? ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यक्रमातच सापडते, आणि त्यातील एक महत्त्वाचा प्रसंग अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ह्या शहराशी निगडित आहे.

गंगाधरपंत हे व्यवसायाने शिक्षक होते. गणित व संस्कृत ह्या विषयांत त्यांची चांगली गती होती. तीच गोडी मुलातही उतरली. १८६६ साली गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली आणि सारे कुटुंब तेथे राहावयास गेले. परंतु त्याच वर्षी बाळची आई पार्वतीबाई परलोकवासी झाली. पुढे १८७२ साली वडिलांचेही छत्र हरपले. त्या वेळी बाळ अवघा सोळा वर्षांचा होता. त्याचा सांभाळ करण्याचे काम चुलते गोविंदराव यांच्याकडे आले.

ज्या वर्षी घरावर हा घाला पडला, त्याच वर्षी बाळला मॅट्रिकची परीक्षा द्यावयाची होती. त्या काळी मॅट्रिक ही विद्यापीठाचीच प्रवेशपरीक्षा होती. ती उत्तीर्ण झाल्यावाचून महाविद्यालयाचे दार उघडत नसे. संपूर्ण इलाख्यातील विद्यार्थी ह्या एकाच परीक्षेस बसत, आणि त्यांतील पुष्कळ जण अनुत्तीर्ण होत. वडिलांचा वियोग पदरी असताना बाळने ही परीक्षा दिली आणि त्याच वर्षी तो उत्तीर्ण झाला.

१८७३ साली टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. त्या वेळी त्यांची प्रकृती अगदीच किरकोळ होती. दुबळ्या शरीराने मोठी कामे पार पडत नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी पुस्तकांपेक्षा तालमीकडेच अधिक लक्ष दिले. नित्य व्यायाम, पोहणे, नाव वल्हविणे आणि नियमित आहार हा त्यांचा क्रम झाला. ह्यामुळे अभ्यास मागे पडला आणि परीक्षेच्या दृष्टीने एक वर्ष गेले. परंतु शरीर मात्र काटक बनले. पुढे कारागृहातील हालअपेष्टा त्यांनी सोसल्या, त्या ह्याच शरीराच्या आधारावर.

टिळकांची अभ्यासाची रीत इतरांहून निराळी होती. केवळ परीक्षेपुरते पाठ करणे त्यांना रुचत नसे. एखादा विषय हाती घेतला की त्यावरील मूळ ग्रंथ पाहावयाचे, आपले मत ठरवावयाचे, आणि मगच पुढे जावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. केरो लक्ष्मण छत्रे हे त्या काळचे थोर गणिती त्यांना गणित शिकवीत असत. ह्या शिष्यावर गुरूंचा मोठा लोभ होता. १८७६ साली टिळक बी. ए. ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

आता पुढे काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. गणितात एम. ए. करावे, ही वाट त्यांना सहज शोभण्यासारखी होती. त्या वाटेनेही त्यांनी प्रयत्न केला, परंतु एम. ए. ची पदवी त्यांच्या हाती आली नाही. गणितासारख्या आवडत्या विषयात अपयश यावे, ही गोष्ट कोणाही तरुणाच्या जिव्हारी लागण्याजोगी होय. दुसरा एखादा खचून गेला असता. टिळकांनी मात्र शिक्षणाकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी आपले लक्ष कायद्याच्या अभ्यासाकडे वळविले.

गणिताची एवढी आवड असलेल्या मनुष्याने कायदा का निवडावा, असे त्यांच्या मित्रांनाही वाटले. त्या काळी एल्एल्. बी. होणाऱ्या बहुतेकांची दृष्टी मुन्सफीच्या जागेवर किंवा भरघोस वकिलीवर असे. टिळकांची दृष्टी वेगळी होती. आपले आयुष्य देशकार्यास वाहावयाचे, तर सरकारशी पदोपदी गाठ पडणार. अशा वेळी कायद्याचे ज्ञान आपल्यापाशी हवे, असे त्यांनी मित्रांस समजावल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. पदवी कशासाठी हवी हे अगोदर ठरले, आणि मग पदवी कोणती हे ठरले.

हा अभ्यास करीत असताना टिळक डेक्कन कॉलेजातच राहत असत. तेथेच गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. दोघेही एकाच वयाचे. देशाच्या स्थितीविषयी त्यांच्यात तासन् तास वादविवाद चालत. सन १८७६ ते १८७८ ह्या काळात दख्खनवर दुष्काळाचे भयंकर संकट कोसळले होते. अहमदनगर जिल्ह्यासही त्याची मोठी झळ पोहोचली. अशा काळात सरकारी नोकरी करावयाची नाही, लोकांना शिक्षण देण्यात आयुष्य वेचावयाचे, असा निश्चय ह्या दोघा मित्रांनी केला. कायद्याचा अभ्यासही टिळकांनी आपल्या नेहमीच्याच रीतीने केला. हिंदू कायदा शिकावयाचा म्हणून स्मृती व त्यांवरील टीका हे मूळ संस्कृत ग्रंथ त्यांनी वाचले. १८७९ साली ते एल्एल्. बी. झाले.

पदवी हाती येताच त्यांनी आपला निश्चय खरा करून दाखविला. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासमवेत त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले, आणि तेथे टिळक गणित शिकवू लागले. सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यामुळे १८९० साली ते त्या संस्थेतून बाहेर पडले. तेव्हा चरितार्थासाठी त्यांनी वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता खासगी वर्ग काढला. स्वतः वकिली न करणाऱ्या ह्या गृहस्थांच्या हाताखाली अनेक तरुण कायदा शिकले.

कायद्याचा खरा उपयोग त्यांनी केला तो मात्र लोकांसाठी. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. दुष्काळात रयतेला कोणते साहाय्य द्यावे व शेतसाऱ्यात सूट केव्हा द्यावी, ह्याविषयीचे नियम सरकारनेच केलेले होते. परंतु ते नियम खेड्यातील शेतकऱ्यास ठाऊक नव्हते. टिळकांनी व पुण्याच्या सार्वजनिक सभेने ते नियम सोप्या मराठीत लोकांपर्यंत पोहोचविले. कार्यकर्ते गावोगाव फिरले. कायद्याने जे आपले आहे ते निर्भयपणे मागावे, हा धडा शेतकऱ्यांना मिळाला. सरकारला हे रुचले नाही, आणि १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली.

त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियन ज्यूरींनी त्यांना दोषी ठरविले व तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोषी. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली दुसरा खटला उभा राहिला. ह्या वेळी टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. निरनिराळ्या दिवशी मिळून ते एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य म्हणजे काय व राजद्रोह कशास म्हणावे, ह्याचे विवेचन त्यांनी न्यायालयापुढे केले. तरीही सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षांच्या शिक्षेवर त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडाले येथे झाली. तेथील तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१४ साली त्यांची सुटका झाली.

तुरुंगातून परतल्यावर वयाच्या साठाव्या वर्षी ते पुन्हा कामास लागले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. त्यानंतर ३१ मे व १ जून १९१६ रोजी टिळकांनी अहमदनगर येथे दोन व्याख्याने दिली. ही व्याख्याने मराठीत होती. देशाचा कारभार देशातील लोकांच्या हाती असावा, हा त्यांचा विषय होता. राजा निराळा आणि त्याच्या नावाने कारभार करणारे अधिकारी निराळे. अधिकाऱ्यांच्या कारभारात बदल मागणे हा राजद्रोह नव्हे, ही गोष्ट त्यांनी श्रोत्यांना साध्या भाषेत समजावून सांगितली. कायद्याने कोठवर बोलता येते, ती रेषा त्यांना नेमकी ठाऊक होती. एकेक शब्द ते त्या रेषेच्या अलीकडे राहून उच्चारीत होते. सरकारचे लघुलेखक मात्र ते सारे टिपून घेत होते.

२३ जुलै १९१६ रोजी पुण्यात लोकमान्यांचा वाढदिवस साजरा होत होता. लोकांनी प्रेमाने जमविलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. त्याच दिवशी त्यांच्या हाती सरकारी नोटीस पडली. बेळगाव व अहमदनगर येथील व्याख्याने राजद्रोहाची आहेत, सबब एक वर्ष चांगल्या वर्तनाची हमी का घेऊ नये, असा तिचा आशय होता. पुण्याच्या जिल्हा न्यायाधिकाऱ्याने हमी देण्याचा हुकूम केला. टिळकांनी स्वतः वीस हजार रुपयांचा मुचलका द्यावा, आणि प्रत्येकी दहा हजार रुपयांचे दोन जामीन आणावेत, असे ठरले. हा हुकूम टिकता, तर स्वराज्याची मागणी उघडपणे करणे साऱ्या देशातच कठीण झाले असते.

टिळकांनी ह्या हुकुमाविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांच्यापुढे सुनावणी झाली. भाषणातील एखादे सुटे वाक्य उचलून दोष देणे योग्य नव्हे. संपूर्ण भाषण मोकळ्या मनाने वाचून त्याचा एकंदर परिणाम काय होतो ते पाहिले पाहिजे, अशी दृष्टी न्यायालयाने घेतली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली टिळकांना दोनदा तुरुंगवास घडला होता, त्याच कलमाचा आरोप ह्या वेळी त्यांच्यावर टिकला नाही. स्वराज्याची मागणी करणे हा गुन्हा नाही, हे इंग्रजी राज्याच्या न्यायालयातच सिद्ध झाले, आणि होमरूलची चळवळ अधिकच जोमाने फोफावली.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी मुंबईत देह ठेवला.

आजही कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळविण्यासाठी असंख्य विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षा द्याव्या लागतात. त्यांत कोणास यश पहिल्या प्रयत्नात लाभते, कोणास उशिरा. टिळकांचेही एक वर्ष मागे पडले आणि एक पदवी हुकली. परंतु आपण कशासाठी शिकत आहोत, हे त्यांच्या मनात पक्के होते. म्हणून अपयशाने त्यांचा अभ्यास थांबला नाही. तेविसाव्या वर्षी मिळविलेली विद्या त्यांना साठाव्या वर्षी अहमदनगरच्या सभेत उपयोगी पडली. घरच्या भिंतीवर लावण्यासाठी किंवा पोट भरण्यासाठी नव्हे, तर देशबांधवांच्या हक्कांसाठी त्यांनी ती वापरली. त्यांच्या कायद्याच्या पदवीचे मोल ते हेच.