योहानेस डिडरिक व्हान डेर वाल्स

योहानेस डिडरिक व्हान डेर वाल्स (२३ नोव्हेंबर १८३७, लायडन – ८ मार्च १९२३, अ‍ॅम्स्टरडॅम) हे डच भौतिकशास्त्रज्ञ होते. वायू व द्रव यांच्या अवस्था-समीकरणावरील कार्यासाठी त्यांना १९१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी मांडलेला अनुरूप अवस्थांचा नियम हा हायड्रोकार्बनांची घनता, श्यानता व उष्णता-संवाहकता यांचे अनुमान करण्याच्या अनेक आधुनिक पद्धतींचा पाया आहे.

प्रारंभिक जीवन

व्हान डेर वाल्स यांचे वडील सुतारकाम करीत. दहा भावंडांत ते थोरले होते. विद्यापीठाकडे नेणारे माध्यमिक शिक्षण त्या काळी श्रमिकांच्या मुलांना दुर्लभ होते. त्यामुळे पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण संपताच ते उमेदवार शिक्षक झाले आणि पुढे प्राथमिक शिक्षकाच्या व मुख्याध्यापकाच्या परीक्षा उत्तीर्ण झाले.

१८६२ पासून ते लायडन विद्यापीठातील व्याख्यानांना उपस्थित राहू लागले. परंतु लॅटिन व ग्रीक या भाषा येत नसल्याने त्यांना विद्यापीठाच्या परीक्षांना बसता येत नव्हते. १८६५ मध्ये डेव्हेंटर येथे आणि १८६६ मध्ये द हेग येथे ते माध्यमिक शाळेत शिक्षक झाले. पुढे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी अभिजात भाषांची अट शिथिल झाली व त्यांचा मार्ग मोकळा झाला. १८७३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

संशोधन

आदर्श वायूच्या नियमात रेणूंना आकारमान नाही आणि त्यांच्यात आकर्षण नाही असे गृहीत धरलेले असते. व्हान डेर वाल्स यांनी आपल्या प्रबंधात या दोन्ही गोष्टी विचारात घेतल्या. त्यामुळे वायू व द्रव या एकाच पदार्थाच्या अखंड जोडलेल्या अवस्था आहेत, हे एकाच समीकरणातून स्पष्ट झाले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७४ मध्ये काही आक्षेप नोंदवूनही या प्रबंधाचा गौरव केला. १८७७ मध्ये व्हान डेर वाल्स अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८८० मध्ये त्यांनी अनुरूप अवस्थांचा नियम मांडला. ज्या तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही, ते त्याचे क्रांतिक तापमान होय. तापमान, दाब व आकारमान ही त्या त्या पदार्थाच्या क्रांतिक मूल्यांच्या पटीत मोजल्यास भिन्न पदार्थांचे वर्तन जवळजवळ सारखेच दिसते. मिथेनचे क्रांतिक तापमान उणे ८२.६ अंश, तर प्रोपेनचे ९६.७ अंश सेल्सियस आहे. म्हणून उणे १२१ अंशांवरील मिथेन आणि सुमारे २३ अंशांवरील प्रोपेन ‘अनुरूप’ तापमानावर असतात. दोन्ही ठिकाणी निरपेक्ष तापमान क्रांतिक तापमानाच्या ८० टक्के असते.

वैयक्तिक जीवन

१८६५ मध्ये त्यांचा विवाह अ‍ॅना माग्डालेना स्मिट यांच्याशी झाला. त्यांना तीन मुली व एक मुलगा झाला. १८८१ मध्ये अ‍ॅना यांचे क्षयरोगाने निधन झाले. या आघातानंतर सुमारे दशकभर व्हान डेर वाल्स यांनी काहीही प्रसिद्ध केले नाही आणि पुन्हा विवाहही केला नाही. १८९० मध्ये द्विघटकी मिश्रणांच्या सिद्धांताने हे मौन सुटले. त्यांची कन्या जॅकलिन कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाली.

वारसा

हेलियमचे १९०८ मध्ये द्रवीकरण करणारे हाइके कामर्लिंग ओन्स यांना व्हान डेर वाल्स यांच्या सिद्धांताचे मार्गदर्शन लाभले. पुढे अनुरूप अवस्थांचे तत्त्व प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, म्हणजे श्यानता, आणि उष्णता-संवाहकता यांनाही लावण्यात आले. खनिज तेलात असंख्य हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते व प्रत्येकाचे सर्व तापमानांना व दाबांना मोजमाप करणे अशक्य असते. अशा वेळी मिथेन किंवा प्रोपेन यांसारखा सखोल अभ्यासलेला पदार्थ संदर्भ मानून, क्रांतिक मूल्ये व रेणुभार यांच्या आधारे इतरांचे गुणधर्म काढतात. लांब साखळीच्या रेणूंसाठी आकाराची दुरुस्ती करावी लागते. नळवाहिन्या व उष्णता-विनिमयक यांच्या आराखड्यांत अशी गणिते वापरली जातात.