बोरिस गालेर्किन

पोलोत्स्कच्या गरीब घरात १८७१ साली जन्मलेले गालेर्किन शिकवण्या करीत पीटर्सबर्गला अभियंता झाले. झारविरोधी चळवळीपायी १९०६ साली कारावास घडला. पहिला शास्त्रीय निबंध त्यांनी कोठडीतच लिहिला, हे आम्ही आमच्या मुलांना आवर्जून सांगतो.

कडांनी जखडलेला पत्रा भाराखाली किती वाकेल, याचे समीकरण मांडता येते, सुटते क्वचितच. १९१५ साली त्यांनी मार्ग दाखविला. कडांच्या अटी पाळणाऱ्या मोजक्या सोप्या आकारांची बेरीज उत्तर म्हणून धरावी. समीकरणात उरणारी चूक प्रत्येक आकाराने गुणून पत्राभर बेरीज केली असता शून्य यावी, असे त्या आकारांचे सहगुणक ठरवावेत. रिट्झ यांची पद्धत आधीची खरी, पण तिला ऊर्जेचा आधार लागे. हिला तो लागत नाही, आणि आम्हांस तेच मोठे वाटते.

पुढे नीपर नदीवरील जलविद्युत केंद्राच्या कामी त्यांचा सल्ला घेतला गेला. १९४५ साली ते निवर्तले.